डिझेलचा वास

हेमलतानं नवऱ्याचा शर्ट पुन्हा नाकाशी नेला. आज चौथा दिवस, डिझेलचा वासच नाही!

नवरा विमानतळावर सामानाच्या गाड्या ओढणारा ट्रॅक्टर चालवायचा. रोज धूर अंगावर घेऊन घरी यायचा, म्हणून लग्न झाल्यापासून ती त्याचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची.

"अहो, खरं सांगा, नोकरी गेली का? दिवसभर बसता तरी कुठे?"

तो हसतच सुटला. "अगं, कार्बन कमी करायचा म्हणून सगळे ट्रॅक्टर बॅटरीचे आणलेत. धूरच नाही, तर वास कुठून येणार?"

तिनं शर्ट आणखी एकदा हुंगला. उन्हात तापलेल्या अंगाचा, घामाचा वास. एकोणीस वर्षं हा वास डिझेलखालीच दबून राहिला होता.

"बरा आहे की!" ती पुटपुटली आणि शर्ट न भिजवताच खुंटीला अडकवला.