हुंकार

आदिवासी वस्तीवरच्या गोष्टी शाळेत शिकवायच्या असं वरून ठरलं, म्हणून हेडमास्तरांनी वस्तीवरच्या आजीला वर्गात आणलं आणि पोरांना दम भरला, "टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे!"

आजी एक वाक्य बोलली आणि थांबली. वर्ग चिडीचूप. आजीही.

"आजी, पुढे?" हेडमास्तरांनी विचारलं.

"आमच्यात ऐकणाऱ्यानं 'हं' म्हणायचं असतं. 'हं' नाही आलं, तर माणसं कंटाळली असं समजून सांगणाऱ्यानं गप बसायचं."

मग पोरांनी असे हुंकार दिले की तास कधी संपला कळलंच नाही.

पुढचा तास गणिताचा, खुद्द हेडमास्तरांचा. "समजा, एका टाकीला दोन नळ आहेत..."

वर्ग चिडीचूप. हेडमास्तर खूश होऊन फळ्याकडे वळले.

"सर," पहिल्या बाकावरची पोरगी अदबीनं म्हणाली, "कुणीच 'हं' म्हटलं नाही."