सकाळच्या चार गोळ्या

“या सगळ्या रोज घेता?” टेबलावर मांडलेल्या चार बाटल्यांकडे बघत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“रोज. न चुकता.” बाईंनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं; त्यांचं बोलणं मोजकं आणि ठाम. “दोन जीवनसत्त्वांच्या, एक माशाच्या तेलाची आणि ही हिरवी वनौषधींची. काही झालंय म्हणून नाही, काही होऊ नये म्हणून.”

डॉक्टरीणबाईंनी हिरवी बाटली उचलून रिपोर्टशेजारी ठेवली. बाईंच्या यकृताला सूज होती. आठवडाभर आरशात पिवळट डोळे बघून त्यांच्या मनात नको नको ते येऊन गेलं होतं.

“बाकी तपासण्यांत काही निघालं नाही. माझा संशय हिच्यावर आहे. आजपासून बंद करा, महिना-दीड महिन्यात बहुतेक सगळं ताळ्यावर येईल.”

“आणि या तीन?”

“तुमच्यात कशाचीच कमतरता नाही. नीट जेवता, चालता. धडधाकट माणसाला यातून फारसं काही मिळत नाही.”

बाईंना ते पटेना. त्यांनी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बोट केलं. घड्याळदुरुस्ती करणारा हा माणूस सत्तरीतही मोहरीएवढा स्क्रू एका झटक्यात बसवायचा. “मग यांचं काय? दोन वर्षं यांना ह्याच चार देतेय. साधी शिंक नाही. यांच्याकडे बघून आमच्या इमारतीतल्या सहा घरांनी गोळ्या सुरू केल्या.”

डॉक्टरीणबाईंनी लगेच दुसरा कागद ओढला. “यांचंही रक्त आजच तपासू. यकृत बिघडलं तरी बरेच दिवस कळत नाही.”

बाईंचा चेहरा उतरला. स्वतःचा रिपोर्ट ऐकून त्या एवढ्या हादरल्या नव्हत्या. रोज सकाळी गोळ्या आणि पाण्याचा पेला त्याच पुढे करत. नवऱ्याने कंटाळा केला की डोळे वटारत.

“मीच दिल्या हो,” त्या कशाबशा म्हणाल्या. “माझ्या हातांनी.”

नवऱ्याने घसा खाकरला. एकदा डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, मग जमिनीकडे.

“माझं रक्त राहू द्या,” तो म्हणाला. “अगं, तू गॅसकडे वळलीस की मी त्या गोळ्या जिभेखालून काढून बेसिनमध्ये टाकायचो.”

“कधीपासून?”

“पहिल्या आठवड्यापासून. एक घशात अडकली, तेव्हापासून. तुला सांगितलं असतं, तर काळजीने अर्धी झाली असतीस.”

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबत कागद बाजूला सारला. बाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. रागवायचं होतं, पण छातीवरचा धोंडा उतरला होता आणि डोळे भरून आले होते. नवऱ्याने आपलं ऐकलं नाही, याचा आनंद त्यांना चाळीस वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदाच होत होता.