शालनच्या हृदयाचं गणित

"काका, औषध आधी काकूंच्या हृदयावर चालवून बघू?" डॉक्टर मेहेंदळेंनी विचारलं. शालन वारली, तरी तिच्या हृदयाचं गणित, म्हणजे तपासण्यांवरून बांधलेली हुबेहूब नक्कल, रुग्णालयाच्या संगणकात धडधडत होतं. घरच्यांना विचारल्याशिवाय ते वापरत नसत. आत अत्यवस्थ असलेल्या बाळंतिणीचं हृदय नेमकं तसंच होतं.

शालनच्या नवऱ्यानं, दिगंबर कुलथ्यांनी, होकार दिला.

पहिल्याच मात्रेला पडद्यावरचं हृदय थांबलं. दिगंबरांनी खुर्ची घट्ट धरली.

"राहू दे का, काका?"

"पुन्हा चालू करा. ती कामाला कंटाळायची नाही."

निम्म्या मात्रेवर ते नीट चाललं. तेवढंच औषध बाळंतिणीला दिलं.

संध्याकाळी तिची आई बाहेर आली. "डॉक्टरांनी वाचवली हो माझी पोर!"

दिगंबर ताठ उभे राहिले. "डॉक्टरांनी एकट्यांनी नाही. आमची ही होती बरोबर."