काचेमागची किल्ली

"किल्ली एकच?" डेन्मार्कहून विमान बघायला आलेल्या मोएन्सने विचारलं. "दोन मिळतात ना?"

"दुसरी कधीच हरवली," म्हणत अल्फहिल्डने त्याच्या कपात कॉफी ओतली. उजव्या हाताने, डावं मनगट एकदा मोडलं ते नीट बसलंच नव्हतं.

हँगरमध्ये समुद्राचा गारठा भरला होता. विमान मात्र कालच आणल्यासारखं लखलखीत. अल्फहिल्डचा नवरा तोरवाल्ड गेल्यापासून मेकॅनिक सिक्स्टन दर रविवारी येऊन, काही न घेता, विमानाची निगा राखत होता. तेल बदलायचं, इंजिन तापवायचं, सिलिंडरात डोकावून गंज शोधायचा.

"एका इंजिनाचे एवढे लाड?" मोएन्स हसला.

"वेगाची जात आहे बाबा, लगेच रुसते," सिक्स्टन म्हणाला. "तोरवाल्ड तर बायकोपेक्षा हिला जपायचा. काय वहिनी?"

अल्फहिल्डने बाही मनगटावर ओढून घेतली.

मोएन्सने पुढच्या पंख्याला हात घातला.

"थांबा!" सिक्स्टन केवढ्यांदा तरी ओरडला. त्याने आत वाकून किल्ली काढली आणि पुढच्या काचेमागे ठेवली. "हं, आता लावा हात. किल्ली फिरवलेली राहिली, तर नुसता पंखा ढकलला तरी इंजिन पेटतं. म्हणून ती इथे ठेवायची, बाहेरून दिसेल अशी. तोरवाल्डचाच नियम."

"पण तोरवाल्ड गेले ते तर पंखा फिरवतानाच..."

"हो. आणि किल्ली काचेमागेच होती. मी धावत आलो तेव्हा या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे किल्लीने इंजिन बंद ठेवणारी आतली तार सुटली असणार. आदल्याच आठवड्यात मी जोडली होती."

"तपासात सुटलेली सापडली?"

"नाही. पण दुसरं काय असणार? अजून तो पंखा ऐकू येतो मला. जेवताना, अंघोळ करताना, केव्हाही."

व्यवहार ठरवून मोएन्स निघून गेला.

सिक्स्टन टोपी हातात घेऊन उभा राहिला. "वहिनी, आता विमानही जाईल. एकदा तरी मला शिव्या घाला हो."

"रोज सकाळी चर्चमध्ये तुमच्या नावाने मेणबत्ती लावते मी."

"तेच तर सहन होत नाही."

"तार सुटली नव्हती, सिक्स्टन."

"तुम्हाला काय कळणार त्यातलं? भल्या आहात, म्हणून म्हणता."

तिचे ओठ हलले. मग तिने उरलेले दालचिनीचे पाव कागदात बांधून त्याच्या हातात दिले. तो डोळे पुसत गेला.

घरी आल्यावर तिने कॉफीचा डबा ओट्यावर उपडा केला. पुडीखालून दुसरी किल्ली निघाली. तोरवाल्ड गेला त्या सकाळी माणसं धावत येण्याआधी तिने ती विमानातून, तिनेच लावून फिरवून ठेवली होती तिथून, उपसून घेतली होती.