पऱ्हाटीचे उसासे

सदतिसाव्या पानावर कविता असायला हवी होती. तिथे प्रेत होतं.

वासुदेवराव माइकसमोर उभे होते. समोर हिंगणघाटचं साहित्य मंडळ, साठ खुर्च्या आणि चाळीस माणसं. हातात त्यांचा पुरस्कारप्राप्त काव्यसंग्रह, 'पऱ्हाटीचे उसासे'. मुखपृष्ठ बरोबर होतं: कपाशीचं फुटलेलं बोंड, त्यावर एक अश्रू. आत मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत 'वडनेरचा तिसरा खून' होता. ही रहस्यकादंबरीही त्यांचीच. पहिले दोन खून कुठे झाले, हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं.

दोन्ही पुस्तकं एकाच दिवशी बाइंडिंगला गेली होती. आकार एक, पानं जवळपास सारखी. बाइंडिंगवाल्याने कव्हरांची अदलाबदल केली, एवढंच. ही गोष्ट चार महिन्यांपूर्वीची. तेव्हापासून वासुदेवरावांनी दोनशे प्रती वाटल्या होत्या. लग्नात, वास्तुपूजनाला, साहेबांच्या निरोप समारंभाला. त्यांच्या सिंदी मेघेत तर लोक त्यांना दुरून येताना पाहून गाडी वळवत. प्रत्येक प्रतीत कव्हरामागच्या कोऱ्या पानावर ते 'सस्नेह भेट' लिहीत आणि सही करत. पुढचं पान उलटायचं कारण त्यांनाही पडलं नव्हतं.

अभिप्राय मात्र भरपूर आले होते. 'मस्त', 'भिडलं' आणि 'आता पुढचं कधी?' दोनशे माणसांनी हे तिन्ही आपसात वाटून घेतले होते.

दहा मिनिटांपूर्वीच सचिव वर्षालीताईंनी मानपत्र वाचलं होतं. 'या संग्रहातील ओळ न् ओळ मातीच्या वेदनेने ओथंबली आहे.' अध्यक्ष माधवराव, निवृत्त प्राध्यापक, पुढे झुकून म्हणाले होते, "मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा डोळे पुसावे लागले." वासुदेवरावांचेही डोळे भरले होते. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यापासून अकरा पुस्तकं स्वतः छापून काढली. भुताची, प्रेमाची, मुलांची, चंद्रावरच्या माणसांची, कवितांची. पुरस्कार एकालाही नव्हता. आज पहिल्यांदा टेबलावर शाल घडी करून ठेवली होती. कार्यक्रमपत्रिकेत क्रम स्पष्ट होता. आधी कवितावाचन, मग शाल.

खरं सांगितलं तर शाल जाणार होती. वर मंडळाचं हसं, ते वेगळंच. वासुदेवरावांनी घसा साफ केला, डोळे अर्धे मिटले आणि प्रेत वाचायला घेतलं. फक्त मध्ये मध्ये थांबत.

"दार अर्धं उघडं...
दिवा विझलेला...
मनकर्णाबाई पाटावर, मान एका बाजूला...
ताटात भाकर तशीच...
उंबऱ्याशी चपलांचे जोड दोन.
घरात माणूस एक."

"वाह!" पहिल्या रांगेतून आवाज आला. "क्या बात है!" माधवरावांनी मान डोलावली आणि शेजारच्याला ऐकू जाईल असं पुटपुटले, "चपलांचे दोन जोड! जीव आणि शिव, बरं का." शेजारच्याने ते लगेच लिहून घेतलं. वासुदेवरावांनी पुस्तक मिटलं. निभावलं होतं. शाल आता चार पावलांवर होती.

"मंग मारलं कोनं तिले?"

सगळ्या माना मागे वळल्या. दाराशी पंचफुला उभी होती, हातात चहाची किटली. सभागृहाची झाडलोट आणि चहा तिच्याकडे असायचा. इतक्या वर्षांत इथे तिने कधी तोंडातून शब्द काढला नव्हता.

"बाई," माधवराव हसून म्हणाले, "कवितेला असं विचारायचं नसतं. आस्वाद घ्यायचा."

"बाई मरून पडली अन् आस्वाद कायचा घेऊन राह्यले जी तुम्ही?"

कोणीतरी हसलं. वर्षालीताईंनी तिला बाहेर जायची खूण केली. वासुदेवराव मात्र माइकजवळच उभे राहिले. त्यांनी शालीकडे पाहिलं. मग किटलीकडे.

"जावयानं मारलं," ते म्हणाले. मग आवाज चढला. "अन् हे कविता नाई, लोकहो. कादंबरी हाय. कव्हर उलटं लागलं. चार महिने झाले, तुम्ही कोनी उघडून नाई पाह्यलं. मीबी नाई पाह्यलं."

वर्षालीताईंच्या हातातलं मानपत्र वाकलं. मग माधवराव सावकाश उभे राहिले आणि त्यांनी टाळी वाजवली. एक, मग दुसरी. "कव्हर उलटं लागलं!" ते गहिवरून म्हणाले. "माणसाच्या आयुष्याबद्दल याहून मोठं काय सांगणार? शेवटची कविता तर सर्वांत थोर!" चाळीस माणसं उठून टाळ्या वाजवू लागली. फोन वर झाले. नको नको म्हणणाऱ्या वासुदेवरावांच्या खांद्यावर शाल पडली, आणि त्यांचा विनयही सगळ्यांना फार आवडला.

पंचफुलाने टाळी वाजवली नाही. हात मोकळे नव्हते. ती रांगांमधून वाट काढत थेट व्यासपीठाशी आली आणि वासुदेवरावांच्या हातात कप देत हळूच म्हणाली, "दोन जोड चपला म्हटल्यावर मले घरच्याच मानसावर शक होता. पन काका, त्यानं मारलं काऊन?"

ते कारण वासुदेवरावांनी लिहिलंच नव्हतं. कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं.