जड गोळीची दारू

टेबलावर बंदुकीच्या दारूचा डबा होता, आणि तो तिथं असायला नको होता.

नेव्हिल शेडच्या दारातच थबकला. बाहेर क्लॅरी हॉर्नवर हॉर्न मारत होता. वॉरामुंडी रायफल क्लबचा हा कॅप्टन एरवी भारी थंड माणूस, पण आज त्याला दम निघत नव्हता. अकरा वर्षं शेजारच्या गावात जाऊन बसलेली विजेतेपदाची ढाल आजच्या स्पर्धेत परत आणायची होती. हजार वारांवरून ती आणून दाखवील असा नेमबाज क्लबात एकच, तो म्हणजे नेव्हिल. हे क्लबाचं मत होतं, आणि नेव्हिलला ते पूर्णपणे मान्य होतं.

आपली काडतुसं तो तीस वर्षं स्वतः भरत होता. तीस वर्षं नियम एकच. ज्यातली दारू भरतोय तेवढाच डबा टेबलावर, बाकीचे कपाटात, आणि काम झालं की तोही कपाटात. क्लबात नवा माणूस आला की नेव्हिल त्याला चहाच्या वेळी कोपऱ्यात गाठायचा. हलक्या गोळीला झटकन जळणारी दारू, जड गोळीला सावकाश जळणारी. जड गोळी जागची हलायला वेळ लावते. तिच्यामागं झटकन जळणारी भरलीत तर सगळा दाब आतच कोंडतो आणि बंदूक तुमच्या गालाशी फुटते. एवढं ऐकवून तो केकचा दुसरा तुकडा उचलायचा. समोरच्याचा पहिलाही घशाखाली उतरत नसे.

यंदा वाऱ्याला दाद न देणारी जड गोळी त्याने मुद्दाम घेतली होती. तिच्याजोगती सावकाश दारू सरावात संपली, म्हणून बुधवारी तसलाच नवा डबा आणला. आणल्या आणल्या सील तोडून वास घ्यायचा, ही त्याची जुनी खोड. कपाटात गेल्या वर्षीचा, झटकन जळणाऱ्या दारूचा डबाही होताच. दोन्ही एकाच कंपनीचे, झाकणं सारखीच हिरवी. फरक फक्त एका आकड्याचा.

टेबलावरचा डबा घेऊन नेव्हिल उजेडात आला. हात लांब केला, डोळे बारीक केले. चष्मा लावायला तो तयार नव्हता. हजार वारांवरचा झेंडा ज्याला लख्ख दिसतो, त्याने नाकावर काचा कशाला वागवायच्या? गेल्या महिन्यात औषधाच्या बाटलीवरचं तो चुकीचं वाचत होता, ते त्याच्या बायकोने, ग्लेनिसने दाखवून दिलं. तर हा पठ्ठ्या तीन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

आकडा गेल्या वर्षीचा होता. डबा अर्ध्याच्याही खाली गेला होता.

त्याने कपाट उघडून नवा डबा बाहेर काढला. गळ्यापर्यंत भरलेला. कणभरही दारू कमी झाली नव्हती. काल दुपारी भरलेली चाळीस काडतुसं शेजारीच पेटीत होती, आणि पेटीवर ग्लेनिसच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी होती, ‘जड गोळी, सावकाश दारू’. त्याचं अक्षर कोंबडीचे पाय, म्हणून चिठ्ठ्या कायम तीच लिहायची. काल इथंच टेबलाशी उभी राहून तिने ही लिहिली होती.

नकळत नेव्हिलचा हात गालावर गेला.

ताप आलाय म्हणून सांगावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. ढाल जाईल, पण नाव राहील. मग पुढच्या शनिवारी नव्या माणसाला कोणत्या तोंडाने धडा द्यायचा? त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो बाहेर आला.

‘‘अरे ए म्हाताऱ्या, नवरदेव आहेस का? आटप की!’’

‘‘क्लॅरी, मी आज नाही उतरत. जड गोळीमागं झटकन जळणारी दारू भरलीय मी. चाळीसच्या चाळीस. आकडा दिसला नाही मला.’’

क्लॅरीने इंजिन बंद केलं. उसनी काडतुसं मागण्यात अर्थ नव्हता. ज्याने त्याने आपापल्या बंदुकीच्या मिजाशीप्रमाणे मोजून भरलेली.

‘‘म्हणजे ग्लेनिसच्या गुलाबांची चंगळ,’’ शेवटी तो म्हणाला. फसलेली दारू गुलाबांच्या मुळाशी घालायची, हा इथला रिवाज. ‘‘लांबचं दिसतंय ना अजून?’’

‘‘लांबचं दिसतं.’’

‘‘मग माझ्यामागं दुर्बीण घेऊन बस आणि वारा सांग. आणि लेका, हे सांगितलंस ते बरं केलंस.’’

नेव्हिलला एकदम हलकं वाटलं. बंदुकीची पिशवी घरातल्या कपाटात ठेवून येतो म्हणून तो आत गेला. पिशवी उघडली, तर बोल्ट नाही. काडतूस आत सारून बंद करणारी ती पोलादी दांडी. तिच्याशिवाय बंदूक म्हणजे नुसती काठी. त्याने पिशवी उलटी केली, खिसे चाचपले.

ग्लेनिस स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एप्रनच्या खिशातून तिने फडक्यात गुंडाळलेला बोल्ट काढला आणि त्याच्या हातात दिला.

‘‘आकडा मला कालच दिसला होता. डबा मीच काढून ठेवला सकाळी. म्हटलं, तुझं तुलाच कळू दे,’’ ती म्हणाली. ‘‘नसतं कळलं, तर हा तुला संध्याकाळपर्यंत सापडला नसता.’’