पिवळी पडलेली टेप

सामना संपून दहा मिनिटं झाली होती. कोच आर्विड कांगस आपल्या खोलीत बसून एका काळ्या रबरी चकतीच्या कडेवर पांढरी टेप गुंडाळत होते. बर्फावरच्या हॉकीत कॉलेजच्या पोरानं पहिला गोल केला की जाळ्यातून ती चकती उचलून आणायची, टेपवर त्याचं नाव आणि तारीख लिहायची, आणि कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांसमोर त्याच्या हातात द्यायची. हे लिहिण्याचं काम कोचनी एकवीस वर्षांत कुणाला करू दिलं नव्हतं.

‘ब्रॉडी लेहतो’ एवढं लिहून होतंय तोच ब्रॉडी दारात. खांद्यावरची पॅडं तशीच, केसांतून घाम गळतोय.

“या नवरदेव! तारीख तेवढी राहिलीय.”

“लिहू नका, कोच. तो गोल माझा नाही.”

कोचचं पेन थांबलं.

“मी मारलेली चकती बाहेरच चालली होती. आपल्या गॅरेटच्या काठीला लागली आणि आत वळली.”

“गॅरेट म्हणाला असं?”

“छे! तो कशाला म्हणेल?”

तेही खरंच. या तळ्याकाठच्या गावांमधून पोराला स्केट बांधायला शिकवतात त्याच दिवशी हेही शिकवतात. शेवटी ज्याच्या काठीला लागली गोल त्याचा, पण त्यानं मागायचं नाही; ज्याच्या नावावर गोल चढला त्यानंच जाऊन सांगायचं. मोसमाच्या पहिल्या दिवशी कोच स्वतः नव्या मुलांना ओळीनं उभं करून हे सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज चांगला खणखणीत लागे.

आत्ता मात्र त्यांनी उठून दार लोटलं आणि आवाज उतरवला.

“हे बघ लेका. वर गॅलरीत मोठ्या संघाचा माणूस बसलाय, पोरं हेरायला. आठ तास गाडी हाकत आलाय तो. त्याच्या वहीत तुझ्या नावापुढं एक गोल पडला. गॅरेटचे अकरा झालेत, त्याला बाराव्याचं काय एवढं? आपण जिंकलो ना? गोल शेवटी संघाचा असतो.”

शब्द कसे न अडखळता आले. छत्तीस वर्षं मनात घोकलेलं म्हणून दाखवावं तसे.

बाहेर कुणीतरी खाकरलं. दार नीट लागलं नव्हतं. फटीत वेन हाउटाला उभा होता, हातात कॉफीचा मग. रिंकवर बर्फ सपाट करायची गाडी तो चालवतो. कधीकाळी याच कॉलेजकडून आर्विड आणि वेन एका फळीत खेळले होते.

कोचच्या डोक्यामागच्या फळीवर आणखी एक चकती होती. टेप पिवळी पडलेली. छत्तीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यातला शेवटच्या मिनिटाचा गोल, आर्विडच्या नावावरचा. त्या एका गोलावर आर्विडला मोठ्या संघानं उचललं, चार वर्षं तो तिथं खेळला, गुडघा गेला, आणि काही वर्षांनी गावानं वाजतगाजत आणून त्याला या खुर्चीवर बसवलं. त्या दिवशी जाळ्यासमोर वेन उभा होता. त्याच्या काठीला लागून चकती वळलेली आर्विडला स्वच्छ दिसली होती. बाकावर परतल्यावर वेननं त्याच्याकडं एकदाच बघितलं. थोडा थांबला. मग पाण्याची बाटली तोंडाला लावली. पुढं कधी विषय नाही. दर रविवारी चर्चमध्ये कोच इतरांबरोबर पापाची कबुली मोठ्यानं म्हणतात, आणि मागच्या बाकावरून वेनचा गोड, भरदार आवाज त्यांच्या आवाजाला साथ देतो.

“कोच,” ब्रॉडी म्हणाला, “मी सांगून आलोय. नोंद करणाऱ्या बाईंना. त्यांनी बदललंसुद्धा. तुमची टेप फुकट जाऊ नये म्हणून आलो.” आणि जाता जाता, अगदी साधेपणानं, “तुम्हीच शिकवलंय ना.”

तो गेला. कोचचे कान तापले होते. वेनकडं बघायला मान वर होईना.

“बर्फ सपाट करून घेऊ का?” वेननं विचारलं.

कोच मागं वळले. फळीवरची चकती काढून त्यांनी टेबलावर ठेवली, दोघांच्या मध्ये. फळीवर गोल डाग राहिला होता, तेवढीच जागा धुळीवाचून.

“तुला ठाऊक होतं.”

“माझी काठी होती, आर्विड. हाताला कळतं.”

“आता कुणाला जाऊन सांगू? त्या दिवशी नोंद करणारा म्हातारा कधीच वारला.”

वेननं कॉफीचा घोट घेतला. पलीकडच्या खोलीतून मुलांचा दंगा ऐकू येत होता.

“पोरं अजून घरी गेली नाहीत,” तो म्हणाला, आणि आपल्या गाडीकडं वळला.

कोच उठले. पांढऱ्या टेपची चकती टेबलावरच राहिली. पिवळ्या टेपची त्यांनी मुठीत धरली. पंधरा पावलांचा तो बोळ ओलांडून ते मुलांच्या खोलीकडं गेले.

ते दारात दिसले आणि मुलांनी रिवाजाप्रमाणं काठ्या जमिनीवर आपटायला सुरुवात केली. तीस काठ्यांचा गजर. कोचनी हात वर केला. हातात चकती होती, ती ब्रॉडीच्या पहिल्या गोलाची समजून मुलं आणखी चेकाळली. त्यांनी तोंड उघडलं, पण जे बोलले ते त्या गजरात कुणाला ऐकू गेलं नाही. मग त्यांची मान खाली गेली, डोळे भरले.

“अरे, म्हाताऱ्याला भरून आलं बघा!” कुणीतरी ओरडलं.

काठ्या आणखी जोरात वाजू लागल्या.